आक्काच्या वाट्याची रिकामी जागा

मी एक हार्ड डिस्क बोलतेय. कंपासपेटीपेक्षा थोडी रुंद, धातूच्या डबीत बंद. माझ्या पोटात आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या आहेत. कॉम्प्युटर सुरू झाला की त्या गरगर फिरतात आणि एक बारीक सुई त्यांच्यावरून पुढंमागं धावत लिहिते आणि वाचते. तुम्ही ‘सेव्ह केलं’ म्हणता आणि विसरून जाता. ते सगळं माझ्याकडं येतं. मी विसरत नाही.

माझा जन्म कुठल्यातरी लांबच्या कारखान्यात झाला. तिथली थंड हवा आणि पांढरे हातमोजे एवढंच आठवतं. नंतर काही वर्षं मी बेळगावातल्या एका ऑफिसात होते. तिथं सगळे माझ्यावर कामाचे कागद ठेवायचे आणि संध्याकाळी दिवे घालवून जायचे. कुणी कधी माझ्याशी बोललं नाही. पुढं तिथं नवीन कॉम्प्युटर आले आणि आम्हा जुन्यांना बाहेर काढलं. तेव्हा मला रचना घेऊन आली.

रचना म्हणजे तिथल्याच वडगाव भागातल्या नागोजी विणकरांची थोरली मुलगी. तेव्हा ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, स्कूटरवर मागं बसून, कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून मांडीवर धरून ती मला घरी घेऊन आली. प्रत्येक खड्ड्याला ती म्हणायची, “आप्पा, हळू की!” आणि आप्पा म्हणायचे, “लेकरू आणलंयस व्हय गं दवाखान्यातनं?”

त्यांच्या घरात पुढच्या खोलीत विजेवरचे दोन माग होते आणि मागच्या खोलीत माणसं. मधल्या दाराशी टेबलावर मला जागा मिळाली. माग सुरू झाले की फरशी थरथरायची, टेबल थरथरायचं आणि माझी सुई भीतीनं अंग चोरायची. रचनाच्या ते लक्षात आलं. तिनं आईचं एक जुनं लुगडं घडी करून कॉम्प्युटरच्या खाली घातलं. ऑफिसात माझ्यासाठी कुणी असं काही केलं नव्हतं. ती घडी अजून माझ्याखाली आहे.

मी तापू नये म्हणून कॉम्प्युटरच्या एका बाजूचं झाकण काढून ठेवलेलं असायचं. त्या उघड्या बाजूनं मी हे घर पाहिलं.

रचनानं माझ्यावरचं जुनं सगळं पुसलं आणि लिनक्स घातलं, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली. ते फुकट मिळतं आणि म्हाताऱ्या यंत्रावरही चालतं, असं ती सांगायची. मग तिनं माझे वाटे पाडले. पहिला लहानसा वाटा लिनक्ससाठी. त्याच्या शेजारचा धाकट्या बहिणीसाठी, सौम्यासाठी. आणि उरलेला, सगळ्यात मोठा, शेवटचा वाटा स्वतःसाठी.

सौम्या तेव्हा लहान होती. खुर्चीच्या मागं उभी राहून पडद्याकडं बघत होती.

“मला कशाला गं आक्का? मला काय येतंय?”

“आज येत न्हाय, उद्या येईल. तवा मागायला येशील, म्हणून आत्ताच देतो.” आमच्याकडच्या बायका ‘देते’ म्हणत नाहीत, ‘देतो’ म्हणतात.

“तुझा वाटा लई मोठा हाय.”

“मी थोरली हाय म्हणून. आणि मला लई ठेवायचं हाय.”

या भागात घरांच्या आणि रानांच्या वाटण्या होतात तेव्हा भाऊभाऊ वर्षानुवर्षं एकमेकांच्या दारात जात नाहीत. माझी वाटणी झाली तेव्हा त्या दोघी हसत होत्या. रचनानं आपल्या वाट्याला एक पासवर्ड घातला आणि सौम्याला डोळे मिटायला लावले.

त्या मोठ्या वाट्यात ती काय ठेवायची, ते मला ठाऊक आहे. आप्पांनी विणलेल्या साड्यांच्या काठांचे फोटो होते, मैत्रिणींचे होते. आणि कॉलेजसाठी ती एक प्रोग्राम लिहीत होती. काठाची नक्षी मागावर चढवायच्या आधीच पडद्यावर विणून दाखवायची, रंग बदलून बघायचे, चूक असली तर तिथंच सुधारायची. एकदा तिनं आप्पांना बोलावून दाखवलं. पडद्यावर एकेक ओळ करत कोयरी उमटत गेली आणि अर्ध्यातच थांबली. पुढचं लिहायचं बाकी होतं.

आप्पा वाकून बघत राहिले. म्हणाले, “आता कॉम्प्युटरच विणायला लागला, मग मी कशाला पाहिजे गं?”

“तुम्ही कोयरी खरी करायला पाहिजे, आप्पा.”

कॉलेजचं शेवटचं वर्ष चालू होतं आणि निपाणीचं स्थळ आलं. माणसं चांगली होती. घरात सगळ्यांना आनंद झाला, रचनालाही झाला. राहिलेलं तिकडं जाऊन पूर्ण करतो, असं ती सगळ्यांना सांगत होती. जायच्या आदल्या दिवशी तिनं मला नीट बंद केलं, मेनूतून, एकेक करून. मग कॉम्प्युटरवर हात ठेवून थोडा वेळ तशीच बसून राहिली.

ती गेल्यावर घर हळूहळू पसरलं. मुद्दाम कुणी काही केलं नाही. तिच्या कॉटवर सुताची पोती आली, कारण खाली फरशीवर ओल लागत होती. तिच्या आरशासमोर आईच्या गोळ्यांच्या पाकिटांनी जागा घेतली. तिच्या पर्सच्या खुंटीवर सौम्याचं दप्तर आलं. घरात तिची म्हणून जशीच्या तशी एकच जागा उरली. माझ्यातला तो मोठा, शेवटचा वाटा. वर्षं गेली, पण तो कुणी उघडला नाही.

सौम्या मात्र माझ्याजवळच वाढली. आता ती हायस्कूलला होती. फार कमी बोलायची. पाहुणे आले की मागाच्या पलीकडं जाऊन उभी राहायची. उत्तर येत असूनही वर्गात हात वर करत नाही, अशी बाईंची तक्रार होती. जे बोलायचं ते ती चित्रांत बोलायची. माझ्यावर एक चित्र काढायची, मग तसंच पण किंचित वेगळं दुसरं, मग तिसरं. ती भराभर पळवली की चित्र हलायला लागायचं. तिच्या गोष्टीत मागावरचा आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडं पळता पळता दमतो, त्याला पंख फुटतात आणि तो खिडकीतून उडून जातो. शाळांच्या स्पर्धेला ती फिल्म पाठवायची, असं बाईंनीच ठरवलं होतं. त्यांनी विचारलं तेव्हा सौम्या ‘नाही’सुद्धा म्हणू शकली नव्हती.

धोट्याला पंख फुटायच्या आतच तिचा वाटा भरला. सेव्ह करायला गेली की पडद्यावर यायचं, जागा शिल्लक नाही. तिनं जुनी चित्रं पुसली. मग गाणी पुसली. मग पुसण्यासारखं काही राहिलं नाही. पलीकडं आक्काचा वाटा जवळजवळ रिकामा पडला होता. पासवर्ड तिला ठाऊक नव्हता. ठाऊक असता तरी दुसऱ्याच्या ट्रंकेत हात घालणारी ती मुलगी नव्हती.

वाटे लहानमोठे करता येतात, हे तिनं वाचून काढलं होतं. ती वाट्यांची खिडकी उघडायची, आक्काच्या वाट्याच्या रेघेवर बाण न्यायची आणि परत आणायची. मला तिचा हात कळायचा. तिला माझी भीती नव्हती. आक्काला काय वाटेल, हे तिला विचारवत नव्हतं. घरातली तिची एवढीच तर जागा उरली होती, आणि ती आपण कापून घ्यायची?

शेवटी आईच म्हणाली, “तोंड पाडून बसलीयास कवापासनं. फोन करून विचार की. खाईल व्हय ती तुला?”

सौम्यानं फोन लावला. “आक्का... माझी जागा संपली.”

“कसली जागा?”

“कॉम्प्युटरातली. तर तुझ्यातली थोडी...” पुढचे शब्द तिला जुळेनात.

मग रचना म्हणाली, “घे की. मला आता काय करायचीय?” आणि लगेच म्हणाली, “थांब, थांब. एकटी करू नको. अमावास्येला येतो मी.”

अमावास्याच का, ते सांगते. सौम्याचा वाटा आधी आणि आक्काचा नंतर. मधली रेघ पलीकडं सरकवायची तर आक्काचं सगळं सामान उचलून पुढं नेऊन ठेवावं लागतं. त्याला बराच वेळ लागतो, आणि तेवढ्यात वीज गेली तर सामान इथलंही राहत नाही आणि तिथलंही. आमच्या गल्लीत घरोघरी माग आहेत. ते एकदम सुरू झाले की व्होल्टेज खाली जातं, कधी फ्यूजच उडतो. पण अमावास्येला विणकरांची सुट्टी, गल्लीत कुणीच माग चालवत नाही. त्या दिवशी वीज एका जागी स्वस्थ असते.

त्या दिवशी सकाळच्या गाडीनं रचना निपाणीहून आली. आत आल्या आल्या तिनं सवयीनं खुंटीकडं हात नेला. तिथं दप्तर होतं. ती कॉटकडं वळली. तिथं पोती होती.

“ठेव की कुठंबी,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “तुझंच घर हाय.”

रचनानं पर्स माझ्या शेजारी टेबलावर ठेवली.

लेक आली म्हणून आईनं पुरणाच्या पोळ्या केल्या होत्या. एरवी अमावास्येला आप्पा बाजारात जातात, पण त्या दिवशी घरीच राहिले, पोटभर जेवले आणि मागाच्या खोलीत चटई टाकून आडवे झाले. समोरच्या झेरॉक्सवाल्या हरिभाऊंनी आपला जुना यूपीएस आणून दिला. वीज गेली तर थोडा वेळ कॉम्प्युटर चालू ठेवणारी पेटी ती. “बॅटरी म्हातारी हाय बरं का,” ते म्हणाले. “माझ्यासारखी. लई भरवसा ठेवू नका.”

ज्या घरात माणसं वावरतायत त्या घराची भिंत सरकवता येत नाही. म्हणून सौम्यानं माझ्यावरचं लिनक्स न वापरता पेन ड्राईव्हवरून दुसरं लिनक्स सुरू केलं. मी नुसती पडून राहिले, दवाखान्यातल्या पेशंटसारखी. वाट्यांची खिडकी उघडली. भरलेली जागा पिवळी, रिकामी पांढरी. सौम्याचा वाटा या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळा होता. आक्काच्या लांबलचक वाट्यात सुरुवातीला एक पिवळी पट्टी होती आणि पुढं नुसतं पांढरं.

“एवढंच होतं व्हय माझं?” रचना हळूच म्हणाली.

सौम्यानं विचारलं, “आधी कॉपी करून ठेवूया? पण पेन ड्राईव्ह तर ह्यालाच लावलाय. हरिभाऊंना दुसरा मागू?”

“कशाला? त्यात काय हाय? जुनंच हाय सगळं. कर तू.”

वाटे बदलायच्या आधी नक्कल करून ठेवावी, हे रचनानंच सौम्याला शिकवलं होतं. मला ओरडावंसं वाटलं. पण मला आवाज नाही.

रचनानं माऊस हातात घेतला आणि रेघ ओढत नेली. इतकी, की तिच्या वाट्यात पिवळ्याला जेमतेम जागा राहिली. “बास झालं मला,” ती म्हणाली.

सौम्यानं आक्काच्या हातावर आपला हात ठेवला आणि रेघ थोडी मागं आणली. पिवळ्यापुढं पांढऱ्याचा एक तुकडा पुन्हा दिसायला लागला.

“हे कशाला?”

सौम्यानं बटण दाबलं.

मी कामाला लागले. अगदी शेवटच्या टोकापासून रचनाचा एकेक तुकडा उचलायचा, पुढं न्यायचा, ठेवायचा, नीट बसला का बघायचं, मग आधीचा. आप्पांच्या साड्यांचे फोटो गेले. मैत्रिणी गेल्या. अर्धी कोयरी वाटेत होती.

त्या दोघी माझ्यापुढंच खाली बसल्या. रचनानं तेलाची बाटली घेतली आणि सौम्याचे केस सोडले.

“वर्गात अजून मुकी म्हणत्यात व्हय गं?”

“न्हाय.”

“मग काय म्हणत्यात?”

“काय बी म्हणत न्हाईत.”

“म्हणजे त्याबी मुक्या झाल्या, तुझ्या नादाला लागून!” रचना हसली. सौम्याही हसली. एक वेणी घालून झाली, दुसरी अर्ध्यावर आली.

आता त्या मागाच्या खोलीचं सांगते. आप्पा जन्मभर मागाच्या खडखडाटात झोपले आहेत. आवाज चालू असला तर त्यांना गाढ झोप लागते. आवाज थांबला की मात्र ते जागे होतात, कारण आवाज थांबला म्हणजे वीज गेली. आणि वीज गेली की वडगावात माणूस पहिलं काम करतो ते मेन स्विच खाली ओढायचं. नाहीतर वीज आल्यावर माग आपोआप सुरू होतो आणि कुणाचा हात त्यात असला तर? ही सवय आप्पांच्या डोक्यात नाही, हातात आहे.

त्या दुपारी पोळ्यांच्या गुंगीतून ते जागे झाले. सगळीकडं सामसूम. त्यांचे डोळे पुरते उघडलेही नसतील. त्यांचा हात मात्र उठला, भिंतीपाशी गेला आणि मेन खाली ओढून मोकळा झाला.

पंखा थांबला. यूपीएस टीं टीं करायला लागला.

रचनाच्या हातात तशीच अर्धी वेणी राहिली. तिचा चेहरा मी उघड्या बाजूनं पाहिला, पांढराफटक. “गेली लाईट,” ती पुटपुटली. “माझं सगळं गेलं.” म्हातारी बॅटरी धापा टाकत होती. माझी सुई अर्ध्या कोयरीवर होती.

सौम्यानं पंख्याकडं पाहिलं. खिडकीतून समोर हरिभाऊंचं दुकान दिसत होतं. तिथली ट्यूब लख्ख चालू होती. वेणी आक्काच्या हातातून सोडवून ती धावली आणि आजवर या घरानं कधी ऐकला नव्हता एवढ्या मोठ्यानं ओरडली,

“आप्पाऽऽ! मेन वर करा! लाईट हाय! आज अमावास्या हाय!”

आप्पांनी दचकून मेन वर केलं. पंखा फिरला. यूपीएस गप्प झाला. मी थांबले नव्हते. त्या म्हाताऱ्या बॅटरीनं मला तेवढा वेळ धरून ठेवलं होतं.

गल्लीत माग बंद, त्यामुळं तो आवाज पार कोपऱ्यापर्यंत गेला. हरिभाऊ दारात आले. “कोण वरडलं हो?”

“सौम्या,” आई म्हणाली.

“सौम्या? आपली सौम्या?” ते आत डोकावून तिच्याकडं बघायला लागले, जणू पहिल्यांदाच बघतायत.

आप्पा ओशाळले होते. “अगं, आवाज बंद झाला, म्हणून मला वाटलं...”

“आवाज सकाळधरनं बंदच हाय, आप्पा!”

सगळे हसले. रचना हसता हसता रडायला लागली. सौम्या तिच्याजवळ जाऊन बसली.

“आक्का, तू तर म्हणालीस जुनंच हाय.”

“जुनंच हाय.” रचनानं पदरानं नाक पुसलं. “पण माझं हाय गं.”

“म्हणून तर पांढरं ठेवलंय.”

“कशाला?”

“भरशील की,” सौम्या म्हणाली आणि राहिलेली वेणी घालायला तिच्याकडं पाठ केली.

उन्हं कलली तेव्हा शेवटचा तुकडा जागेवर बसला. सौम्याला ऐसपैस जागा मिळाली. रचनानं पासवर्ड घातला. इतक्या वर्षांनीही बोटं अडली नाहीत. पडद्यावर एकेक ओळ करत कोयरी उमटली आणि अर्ध्यात थांबली, पूर्वी थांबायची तिथंच.

आप्पा मागं येऊन उभे होते. “हिचं उरलेलं कुठाय?”

“करायचं हाय.”

“मग कर की. कोण धरलंय तुला?”

संध्याकाळच्या गाडीला निघताना रचनानं टेबलावरची पर्स उचलली आणि माझ्याकडं बघून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “पुढल्या अमावास्येला येतो.”

ती आली. प्रत्येक अमावास्येला जमतं असं नाही. कधी सासरी पाहुणे असतात, कधी मुलाला ताप असतो. पण येते. आली की माझ्यासमोर बसते आणि त्या पांढऱ्यात थोडं पिवळं वाढवून जाते. आता कोयरी पूर्ण होते. सध्या नव्या नक्षीतल्या मोराचा गळा चाललाय, तो तिला अवघड जातोय. खुंटीशेजारी सौम्यानं आक्काच्या पर्ससाठी दुसरा खिळा ठोकलाय.

सौम्याचा धोटा खिडकीतून उडाला. स्पर्धेत बक्षीस मिळालं नाही. पण तिनं स्टेजवर उभं राहून आपलं नाव स्वतः सांगितलं, असं हरिभाऊ सगळ्या गल्लीला सांगत होते.

आता माझं वय झालं. फिरताना माझ्यातून मधूनच टक्‌ टक्‌ आवाज येतो. मागांच्या गलबल्यात तो कुणाला ऐकू जात नाही, सौम्याला मात्र गेला. तिनं नवी डिस्क आणलीय. बिस्किटाच्या पुड्याएवढीसुद्धा नाही. तिच्या पोटात काही फिरत नाही म्हणे, त्यामुळं मागांची तिला भीती नाही. ती माझ्याशेजारी खोक्यात वाट बघत बसलीय. येत्या अमावास्येला दोघी बहिणी माझ्यावरचं सगळं तिच्यावर नेणार आहेत. मला वाईट वाटत नाही. सगळं सांभाळून ठेवलं होतं, ते सांभाळून द्यायचं एवढंच राहिलंय.

फक्त सौम्या, एक ऐक. पिवळं सगळं आपोआप जाईल. साड्या जातील, कोयरी जाईल, मोराचा अर्धा गळा जाईल. पण रिकाम्या जागेची नक्कल होत नाही. ती दर वेळी कुणीतरी आठवणीनं नव्यानं ठेवावी लागते. नव्या डिस्कवर वाटे पाडायला बसशील आणि आक्का सवयीनं म्हणेल, “बास झालं मला.” तेव्हा त्या दिवसासारखाच तिच्या हातावर हात ठेव आणि रेघ थोडी मागं आण.

मग मला बंद कर. मेनूतून, एकेक करून, आक्का करायची तसं.